शाळेपलीकडचे शिक्षण : घरातील ज्ञानपरंपरेचा एक मागोवा

भगवान ऋषभदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग जैन घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितला जात आला आहे. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात रचलेल्या ‘आदिपुराणा’त तो विस्ताराने येतो. ब्राह्मी आणि सुंदरी या दोघी कन्या पित्याजवळ आल्या. पित्याने त्यांना मांडीवर घेतले आणि एकीला अक्षरे, दुसरीला अंक शिकविले. उजव्या हाताने लिपी लिहून दाखविली, डाव्या हाताने संख्या. लिपीला ज्येष्ठ कन्येचे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. पुत्रांना निरनिराळी शास्त्रे शिकविण्याचा प्रसंग त्यानंतरचा आहे.

या कथेत शाळा नाही, आश्रम नाही, पंतोजीची छडीही नाही. घर आहे, वडील आहेत आणि दोन मुली आहेत. ही कथा प्रवचनांतून ऐकणाऱ्या समाजात प्रत्यक्ष घरांचा इतिहास मात्र पुष्कळ काळ उलट्या दिशेने गेला. मुलांना कामापुरते शिक्षण मिळाले आणि मुलींच्या वाट्याला तेवढेही आले नाही. हे चित्र बदलले ते कोणत्या घरांत, कोणामुळे आणि कोणत्या किमतीला, याचा मागोवा घेताना फार दूर जावे लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांच्या उंबरठ्यावर असलेल्या कल्याणातच त्यातील एक मोठे प्रकरण घडले आहे.

व्यापारी घरांपासून आरंभ करणे योग्य ठरेल. इंग्रजी अमलातील शाळा येण्यापूर्वी महाराष्ट्रातील गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत मुलगा मोडी अक्षर गिरवीत असे आणि पाढे म्हणत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे तेव्हाचे गणित. शेर, छटाक, आणा, पै यांच्या जगात पाऊणकी आणि सवायकी ज्याला तोंडपाठ, त्याचा हिशेब चुकत नसे. या शाळेतून सुटलेला वाण्याचा मुलगा दुकानाच्या गादीवर बसला की त्याचे खरे शिक्षण सुरू होई. व्याजाची आकारणी, हुंडीचा मजकूर, कोणत्या गावचा माल कोणत्या महिन्यात येतो, कोणाची पत किती, हे सर्व तो वडिलांच्या आणि मुनीमजींच्या शेजारी बसून शिके. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि एका पिढीच्या अवधीत अपूर्णांकांचे पाढे पाठ करण्याचे कारणच उरले नाही. ते गेल्याची हळहळ फार करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यासोबत वडिलांच्या शेजारी बसण्याची वेळही गेली, ही हानी मोठी.

तरी या गादीवरच्या शिक्षणाची एक मर्यादा होती आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. जे ज्ञान धंद्याला उपयोगी नाही, त्याकडे घरातील वडीलधारी मंडळी संशयाने पाहत. याचे सर्वांत स्पष्ट दर्शन एका जैन व्यापाऱ्यानेच घडविले आहे. कविवर बनारसीदासांचा जन्म १५८६ चा, जौनपूरचा. आपल्या आयुष्याची पहिली पंचावन्न वर्षे त्यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ या पद्यग्रंथात लिहून ठेवली. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आठव्या वर्षी ते पाठशाळेत गेले, पुढे चौदाव्या वर्षी एका पंडिताकडे शब्दकोश, ज्योतिष, अलंकार असे विषय शिकू लागले. त्यांचे वाचन वाढले तशी घरची मंडळी अस्वस्थ झाली. फार शिकणे हे ब्राह्मणाचे आणि भाटाचे काम, वाण्याच्या पोराने बाजारात बसावे, असा उपदेश त्यांना वडीलधाऱ्यांकडून ऐकावा लागला. बनारसीदासांना व्यापारात वारंवार खोट आली, हेही त्यांनी लपविलेले नाही. त्यामुळे वडीलधाऱ्यांची काळजी अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. पण समयसारावर आधारित त्यांचे ‘समयसार नाटक’ आजही स्वाध्यायात वाचले जाते, आणि त्यांना उपदेश करणाऱ्यांच्या दुकानांचा पत्ताही कोणास ठाऊक नाही.

आता कल्याणकडे वळू. ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ मध्ये आली आणि १८५६ मध्ये ती पुढे खोपोलीपर्यंत गेली. याच फाट्यावर आजची विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना या मुलीचा जन्म झाला. घराणे एके काळचे संपन्न, पण उतरती कळा लागलेले. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी या पोस्टातील नोकराशी झाले. गोपाळराव वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर होते. त्यांनी लग्नाला एकच अट घातली होती : मुलीला शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये. यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास घरात सुरू झाला.

गोपाळरावांजवळ ना मोठा पगार होता ना मोठी विद्या. टपालखात्यातील फिरत्या नोकरीमुळे बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे हलत राहिले. जेथे शाळेत घालणे शक्य होते तेथे त्यांनी घातले. जेथे शेजारीपाजारी आणि नातेवाईक आड आले तेथे स्वतः शिकविले. पतीबरोबर रस्त्याने चालत जाणे आणि बूट घालणे एवढ्यावरूनही आनंदीबाईंना लोकांचे बोलणे ऐकावे लागत असे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. स्त्रीला स्त्रीवैद्याची मदत मिळत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हाच रुजली. श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी इंग्रजीतून भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, पतीशिवाय. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना एम. डी. ही पदवी दिली. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्याही नव्हत्या.

एवढे चरित्र शाळेच्या पुस्तकांतून बहुतेकांना माहीत असते. त्यातील दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. गोपाळरावांचे शिकविणे मायेचे नव्हते. अभ्यासात कसूर झाली म्हणून ते लहानग्या पत्नीला मारीत. लाकडाने मारल्याचे, खुर्ची फेकल्याचे उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आहेत. त्याच पत्रव्यवहारात कृतज्ञताही आहे, आणि हा गुंता सोडविणे कोणाही चरित्रकाराला सोपे गेलेले नाही. काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी गोपाळरावांचा विक्षिप्तपणा झाकला नाही. काशीबाईंचा हा अधिकारही समजण्यासारखा आहे, कारण त्यांचे स्वतःचे शिक्षणही लग्नानंतर घरातच, सासरच्यांची नाराजी सोसून झाले होते. शरीर खचलेल्या आनंदीबाई स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. एकाही रुग्णावर उपचार करण्याची संधी मिळण्यापूर्वीच सारे संपले. घरातल्या शिक्षणाने केवढी मजल मारता येते याचे हे उदाहरण आहेच. शिकविणाऱ्याची हौस शिकणाऱ्याच्या जिवावर कशी स्वार होते, याचेही आहे. आजच्या पालकांनी कल्याणच्या या मुलीची दोन्ही अंगे मुलांना सांगावयास हवीत.

त्याच काळात पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी वेगळ्या रीतीचे शिक्षण चालू होते. १८७३ मध्ये रमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरी मुळाक्षरांपासून शिकविले. पुढे इतिहास, भूगोल, इंग्रजी आणि वर्तमानपत्रांचे वाचन आले. दिवसभर घरातील वडील स्त्रियांचे टोमणे आणि रात्री पतीपाशी धडा, असा तो क्रम रमाबाईंनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदविला आहे. न्यायमूर्ती हायकोर्टाच्या पायरीपर्यंत पोचलेले, सभासंस्थांत गुंतलेले. तरीही धड्याची वेळ त्यांनी मोडू दिली नाही. पुढे पुण्याच्या सेवासदनाचे काम रमाबाईंनी उभे केले, त्याचा पाया या रात्रीच्या धड्यांत होता.

रानड्यांजवळ विद्या होती आणि ग्रंथांची कपाटे होती. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते अशा एका पित्याची हकीकत परळच्या डबक चाळीतील आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते कुटुंब घेऊन मुंबईस आले आणि एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत माणसे, जळण, जाते आणि भांडी. मुलाला अभ्यासाला जागा नाही, म्हणून रामजी त्याला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः जागे राहत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे होत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतल्या. मुलाने पुस्तक मागितले आणि पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याजवळ पैसे नसले तर दागिना मागून आणीत आणि तो गहाण ठेवीत. पेन्शन आल्यावर दागिना सोडवून परत करीत. हा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे सांगण्याची गरज नाही. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. केळुसकर मास्तर या मुलाला बागेत बसून वाचताना पाहत आले होते आणि त्याला पुस्तके देत असत. घराबाहेरच्या एका जाणत्या माणसाने मुलाच्या वाचनाकडे लक्ष ठेवणे, हा घरातील शिक्षणाचाच वाढीव भाग मानला पाहिजे. समाजाच्या संस्था जेव्हा आपल्या ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे असावी याचा विचार करतात, तेव्हा केळुसकरांची आठवण ठेवण्याजोगी आहे.

जैन समाजात याच सुमारास दोन प्रयत्न झाले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ मध्ये ‘जैन बोधक’ हे मासिक मराठीतून सुरू केले. मराठी जैन नियतकालिकांचा आरंभ त्याच्यापासून धरतात. शाळेच्या पुस्तकात जैनांचा इतिहास नव्हता आणि घरातील पोथ्या प्राकृत-संस्कृतात होत्या. मधली जागा मासिकाने भरली. एकाने वाचायचे आणि घराने ऐकायचे, या पद्धतीने ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या स्त्रियांपर्यंतही ते पोचण्याची वाट मोकळी झाली.

दुसरा प्रयत्न एका मुलीच्या दुःखातून आला. मूळचे सुरतेचे आणि मुंबईत मोत्यांच्या व्यापारात नावारूपास आलेले शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे पुढील आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचे. पित्याने तिच्यासाठी घरी संस्कृत आणि धर्मग्रंथांच्या अध्ययनाची व्यवस्था केली आणि समाजकार्याच्या प्रवासात तिला बरोबर नेले. शेठजींचे नाव हिराबाग धर्मशाळा आणि गावोगावची जैन विद्यार्थी वसतिगृहे यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लाखोंच्या देणग्यांइतकेच मोल त्यांनी मुलीला दिलेल्या वेळेला द्यावयास हवे. मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रम उभा केला, आणि विधवा व परित्यक्ता श्राविकांना शिकवून शिक्षिका म्हणून पायांवर उभे केले. मांडीवर बसलेल्या ब्राह्मी आणि सुंदरीची कथा या एका घरात खरी झाली.

घरी शिकविण्याचा हट्ट नेहमीच फळाला येतो असे नाही. महात्मा गांधींनी आपल्या मुलांना दक्षिण आफ्रिकेत प्रचलित शाळेत न घालता स्वतः शिकविण्याचे ठरविले. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत जाऊन येऊन सुमारे पाच मैल चालणे होई. मुले बरोबर चालत आणि त्या वाटेवर बोलत बोलत धडे होत. पण सार्वजनिक कामाच्या रगाड्यात पुरेसा वेळ देता आला नाही, मुलांचे पुस्तकी ज्ञान कमी राहिले आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही राहिली, हे गांधीजींनी आत्मकथेत मान्य केले आहे. थोरले चिरंजीव हरिलाल यांची नाराजी तर शेवटपर्यंत गेली नाही. गांधीजी आपल्या निर्णयाचे समर्थनही करतात. पण शाळा वजा केल्याने घर आपोआप शाळा होत नाही, एवढे या अनुभवावरून दिसते. रानड्यांच्या घरात जे जमले आणि गांधीजींच्या घरात जे अपुरे राहिले, त्यांतील फरक विद्वत्तेचा नव्हता. रोजची ठरलेली वेळ पाळली गेली की नाही, एवढाच तो होता.

या पार्श्वभूमीवर आपल्या तीन गावांकडे पाहिले की एक गोष्ट प्रथम जाणवते. येथील बहुसंख्य घरे मागच्या दोन-तीन पिढ्यांत बाहेरून येऊन वसलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून उल्हासनगर हे नाव पडले. बराकींचे ‘कँप नंबर’ पत्त्यांत अजून टिकून आहेत. या कुटुंबांनी व्यापार पुन्हा उभा केला, शाळा आणि महाविद्यालये काढली. भाषेचा प्रश्न मात्र अवघड होता. सिंधीसाठी देवनागरी लिपी घ्यावी की अरबी वळणाची, यावर वाद झाला. १९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. पण तोवर मुले इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली होती. आजोबांची पत्रे नातवाला वाचता येत नाहीत, हा अनुभव सिंधी घरांपुरता नाही. गुजराती, मारवाडी, कच्छी बोलणाऱ्या जैन घरांतही नातवंडांना घरची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. वह्या आणि चोपड्या कपाटात राहतात. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते, वेष्टने बदलली जातात, धूळ झटकली जाते. आत काय लिहिले आहे हे विचारणारे मूल मात्र त्या दिवशी क्वचितच जवळ बसविले जाते. शाळा ही उणीव भरून काढील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण ते शाळेचे काम कधीच नव्हते.

नोकरदार वडील पहाटेच्या लोकलने निघतात आणि रात्री परततात. दुकानदार वडिलांची दुपारही मोकळी नसते. मुलाची शाळा संपली की शिकवणी सुरू होते, आणि शिकवणी म्हणजे तोच धडा दुसऱ्यांदा. एवढ्या धावपळीत व्यापक ज्ञान कोठून द्यावे, हा पालकांचा प्रश्न खोटा नाही. पण या परिसरात पुस्तकाची कमतरता असली तरी धड्यांची नाही.

अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या या कंपनीची पेटी देशभर घरोघरी असे. पूर्वी काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरीत आणि त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. १९०६ मध्ये बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या वापरावर बंदी घालण्याचे ठरले आणि भारतात त्यासाठी १९१३ मध्ये कायदा झाला. सुरक्षित काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असतो. दोन्ही घासली गेल्याशिवाय ती पेटत नाही. रसायनशास्त्र, कामगारांचा इतिहास आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे तिन्ही विषय स्वयंपाकघरातील एका पेटीत मावतात. ज्या समाजात सूक्ष्म जीवांच्या हिंसेचाही विचार होतो, तेथे कामगाराच्या जबड्याची ही गोष्ट मुलाला सांगण्यास अधिकच जागा आहे.

बदलापूरजवळून उल्हास वाहते. तिला मिळणाऱ्या बारवी नदीवर धरण आहे. २६ जुलै २००५ चा पूर अनेक घरांनी सोसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. नदी कोठून निघते, वसईच्या खाडीला कशी मिळते, भरतीच्या वेळी पाऊस झाला तर पाणी का तुंबते, हा भूगोल नकाशा घेऊन मुलाबरोबर एका संध्याकाळी पाहता येतो. पुस्तकात नाईल आणि गंगा असतात. दाराशी पाणी आणणारी नदी बहुधा नसते.

आणि अंबरनाथचे शिवालय. शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळातील हे भूमिज शैलीचे मंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. गर्भगृहात जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी येथे येऊन शिल्पांची रेखाटने आणि साचे तयार केले. मंदिराच्या उत्तर द्वारावर एक संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. ते वाचन पुढे ज्यांनी दुरुस्त केले ते पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८).

भगवानलाल जुनागढचे. घरात संस्कृत आणि वैद्यकी चालत आलेली. इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण झाले नाही. गिरनारच्या पायथ्याला अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचे लेख असलेला प्रसिद्ध खडक आहे. गिरनारच्या यात्रेला गेलेल्या श्रावकांनी तो वाटेत पाहिलेला असतो. प्रिन्सेपने तयार केलेली ब्राह्मी अक्षरांची तालिका या मुलाच्या हाती आली आणि तो खडकापाशी जाऊन एकेक अक्षर ताडून पाहू लागला. त्याच्या या ध्यासाची कीर्ती मुंबईस पोचली आणि भाऊ दाजींनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतले. पुढे भगवानलालांनी देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले, १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला, आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ओरिसातील हाथीगुंफेचा राजा खारवेलाचा लेखही त्यांनीच प्रथम बऱ्याच अंशी समाधानकारकपणे वाचला. अर्हंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार करून आरंभ होणारा हा लेख ब्राह्मी लिपीत आहे. जैन घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वी ज्या नमस्काराने बोलू लागते, तो दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कसा लिहिला होता हे जगाला कळले, त्यात गिरनारच्या पायथ्याशी अक्षरे ताडून पाहणाऱ्या त्या मुलाचा वाटा आहे.

अंबरनाथच्या लेखातील पहिला अंक ७ नसून ९ आहे, असे भगवानलालांनी दाखवून दिले. शके ९८२ मध्ये ७८ मिळविले की इसवी सन १०६० येते. एका अंकाच्या वळणाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले.